पाण्याचा दाब कोठे हरवला?
घरगुती प्रेशर वॉशरचे दोष व त्यांची दुरुस्ती

पावसाळा ओसरला की गोमंतकात व कोकणपट्टीत घरोघर एकच काम निघते. चार महिन्यांच्या पावसाने अंगणाच्या फरशीवर, विहिरीच्या कठड्यावर व पायऱ्यांवर हिरवे शेवाळ धरलेले असते. वृद्ध माणसांचा पाय घसरण्याचे भय असते. शिवाय मृतांच्या स्मरणाचा दिवस, गावचे फेस्त आणि नाताळ हे ओळीने यावयाचे असतात. पूर्वी हे शेवाळ काथ्याने व खराट्याने घासून काढीत. हल्ली पुष्कळ कुटुंबांनी त्यासाठी विजेवर चालणारे व जोराने पाण्याचा झोत सोडणारे एक लहान यंत्र घेतले आहे. त्यास सर्वत्र 'प्रेशर वॉशर' याच नावाने ओळखतात. बेळगाव-खानापूरकडील शेतकरी कुटुंबांत ते गोठा व ट्रॅक्टर धुण्याच्या कामी येते. आणि कोठे कोठे एखादा होतकरू तरुण रस्त्याच्या कडेस दुचाक्या धुऊन त्यावर आपला संसारही चालवितो.

हे यंत्र वर्षातील बहुतेक दिवस कोपऱ्यात पडून राहते आणि नेमके गरजेच्या दिवशी रुसते. मोटर गुरगुरते, पण पाणी नळासारखे मवाळ येते. किंवा झोत धाप लागल्यासारखा उसळत राहतो. किंवा बटण दाबूनही काहीच होत नाही. मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, नाही तर घरातील एखादा हौशी हात ओल्या अंगणात उभा राहून, प्लग बोर्डातच असताना, त्याचे झाकण उघडतो. पहिल्या मार्गाने कष्टाचा पैसा वाया जातो. दुसऱ्या मार्गाने जीवच धोक्यात येतो. वास्तविक बहुतेक दोष क्षुल्लक असून ते झाकण न उघडता दूर करता येतात. म्हणूनच या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

यंत्राचे पोट

दाबाच्या पाण्याने धुण्याची कल्पना तशी फार जुनी नव्हे. जर्मनीतील अभियंता आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाईयंत्र तयार केले. ते कारखान्यांसाठी होते. त्यांच्याच नावाच्या कंपनीने १९८४ साली घरगुती वापराचे सुटसुटीत यंत्र बाजारात आणले. तेव्हापासून अनेक कंपन्यांची यंत्रे निघाली. परंतु त्यांची आतील रचना बहुधा सारखीच असते.

विजेची मोटर एक तिरकी तबकडी फिरविते. तबकडी फिरू लागली म्हणजे तिला टेकलेले तीन लहान दट्ट्ये एकामागून एक खालीवर होतात. प्रत्येक दट्ट्याला दोन झडपा असतात: एक पाणी आत घेणारी व दुसरी बाहेर सोडणारी. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारे व मिनिटाला २८०० फेरे घेणारे यंत्र धरले, तर हिशेबाने प्रत्येक दट्ट्या एका खेपेस पाऊण मिलिलिटरहूनही कमी पाणी ढकलतो. ते पाणी जाड नळीतून बंदुकीत व बंदुकीच्या टोकाच्या नोझलमध्ये जाते. नोझलचे भोक जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. एवढ्या अरुंद वाटेने बाहेर पडावे लागल्यामुळेच दाब उत्पन्न होतो. दाब पंप निर्माण करतो असे आपण म्हणतो. परंतु पंप केवळ पाणी ढकलतो, दाब होतो तो नोझलच्या अडवणुकीने. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर निम्मे दोष आपोआप उलगडतात.

घरगुती यंत्राचा दाब साधारणपणे १०० ते १३० बार असतो. घराच्या टाकीचे पाणी यंत्राहून तीन मीटर उंच असेल तर नळाशी जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. यावरून फरकाची कल्पना यावी. शंभर बारांवर सुटणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर इतका भरतो. फ्रान्समधील विद्वान ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी दाखवून दिले आहे, की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब त्यात सर्व बाजूंस सारखाच पसरतो. म्हणून या यंत्रात जो जोर नोझलपाशी, तोच नळीच्या प्रत्येक सांध्यावर व प्रत्येक रबरी कडीवर. जी कडी झिजली असेल, तेथून पाणी वाट काढणारच.

हात लावण्यापूर्वी

तपासणीस बसण्यापूर्वी पुढील क्रम कधीही चुकवू नये. प्रथम यंत्राचे बटण बंद करावे. मग प्लग बोर्डातून ओढून काढावा. केवळ भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर पाण्याचा नळ बंद करावा. शेवटी बंदुकीचा चाप दाबून नळीत कोंडलेले पाणी सोडून द्यावे. मोटर बंद झाली तरी नळीतील दाब तसाच राहतो, आणि तो न सोडता जोड उघडला तर तो जोड हातावर किंवा तोंडावर उडतो.

झोताने झालेल्या जखमेविषयी येथेच सांगितले पाहिजे. हा झोत कातडी भेदून आत शिरू शकतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, वेदनाही प्रथम फारशी होत नाही. पण आत घाणेरडे पाणी खोलवर गेलेले असते, आणि पुढे बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा जखमेस हळद लावून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालयात जावे व 'दाबाच्या पाण्याने झालेली जखम' असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. मुलांना बंदूक खेळावयास देऊ नये, आणि पायांचा चिखल धुण्यासाठी मोठ्यांनीही ती पायावर धरू नये.

यंत्र सुरूच होत नाही

पहिली तपासणी बोर्डाची करावी. १८०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या लहान सॉकेटचे ते काम नव्हे. त्यास १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. तेथे दुसरे एखादे उपकरण लावून वीज येते की नाही हे पाहावे.

दुसरी तपासणी जोडवायरची. अंगणाच्या टोकापर्यंत नेण्यासाठी घरातील बारीक वायर जोडण्याची चाल सर्वत्र दिसते. लांब व बारीक वायरीत व्होल्टेज गळते. यंत्रापर्यंत पुरता जोर न पोहोचल्यामुळे मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची व तीस मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते.

मोटर गुणगुणत असेल तर चार-पाच सेकंदांहून अधिक थांबू नये, लगेच बंद करावी. अन्यथा आतील तारांची वेटोळी जळतील. नळीत दाब कोंडलेला असल्यानेही असे होते. म्हणून बंदुकीचा चाप दाबून धरावा व मगच बटण चालू करावे. एवढ्याने पुष्कळ यंत्रे सुरू होतात. तरीही गुणगुणच राहिली, तर इंडक्शन मोटरच्या यंत्रात बहुधा कपॅसिटर, म्हणजे कारागीर ज्यास कंडेन्सर म्हणतात तो, निकामी झालेला असतो. स्वस्त व हलक्या यंत्रांत कार्बन ब्रशची मोटर असते. तीत कार्बन झिजला की ठिणग्या उडतात किंवा मोटर मुकी होते. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. पण ते बदलणे जाणत्या वायरमनचे काम आहे. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, हे विसरता कामा नये.

यंत्र चालता चालता थांबले व गरम लागले, तर आतील उष्णतारक्षक बटणाने वीज तोडली असे समजावे. अर्धा तास सावलीत निवू द्यावे. घरातील गळतीरक्षक स्विच, ज्यास ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, तो जर यंत्र लावताच पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. यंत्रात कोठेतरी पाणी विजेपर्यंत पोहोचले आहे, हेच तो सांगत असतो. ज्या घरी ३० मिलिअँपिअरचा असा स्विच व चांगले अर्थिंग नाही, त्या घरी हे यंत्र वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोटर चालते, पण दाब नाही

ही तक्रार सर्वांत अधिक येते, आणि गंमत अशी, की हिचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून घराच्या नळात असते. यंत्राच्या पट्टीवर मिनिटाला किती लिटर पाणी लागते ते लिहिलेले असते. ते सहा लिटर असेल तर नळाने त्याहून थोडे अधिकच दिले पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. नळीचे जे टोक यंत्रास जोडावयाचे, तेच दहा लिटरच्या बादलीत सोडावे व घड्याळ पाहावे. बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली तर नळ निर्दोष. दोन मिनिटे लागली तर यंत्र उपाशी राहणार. उपाशी पंपात पाण्याऐवजी बुडबुडे होतात, खडखड आवाज येतो, आणि ते बुडबुडे फुटून फुटून धातूही कुरतडला जातो. अशा वेळी नळी आखूड व रुंद घ्यावी, वळकट्या सोडवाव्यात, आणि टाकीचा नळ पूर्ण उघडावा.

नळ ठीक असेल तर पाण्याच्या वाटेनेच पुढे जावे. जेथे नळी यंत्रास जोडतात, तेथे आत एक बारीक जाळी असते. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातील रेती व गंज या जाळीत अडकतो. ती चिमट्याने हलकेच काढून जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने धुवावी. पांढरे क्षार धरले असतील तर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवावी. जाळी फेकून देऊन यंत्र चालविण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये. जाळीत अडकावयाची रेती मग झडपांत अडकते.

त्यानंतर हवा. नळी जोडून नळ पूर्ण उघडावा, मोटर सुरू न करता चाप दाबून धरावा. प्रथम पाणी थुंकल्यासारखे येईल. ते अखंड, बुडबुड्यावाचून वाहू लागले म्हणजे हवा निघाली. मगच मोटर लावावी. बादलीतून किंवा पिंपातून पाणी ओढण्याची सोय सर्वच यंत्रांत नसते. असेल तेथेही ओढनळी आधी पाण्याने भरून घ्यावी, आणि तिचे टोक पाण्यात खोल राहील असे पाहावे. जोडाची रबरी कडी सैल असेल तर पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून कोरडा दिसणारा जोडही तपासावा.

आता नोझल. प्रथम ते साबणाच्या, म्हणजे कमी दाबाच्या, खुणेवर तर फिरलेले नाही ना, हे पाहावे. एवढ्याशा कारणासाठी यंत्र दुरुस्तीस गेल्याची उदाहरणे आहेत. मग नोझल सोडवून, त्याबरोबर मिळालेल्या बारीक तारेने किंवा शिवणाच्या सुईने भोक मोकळे करावे आणि समोरच्या बाजूने पाणी सोडून कचरा उलट धुऊन काढावा. सुई जोराने फिरवू नये. भोकाची रुंदी अवघी दहा टक्क्यांनी वाढली, तर तेवढेच पाणी सोडताना दाब जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. दोन-तीन वर्षे रेतीच्या पाण्यावर चाललेल्या यंत्राचे नोझल असे झिजलेले असू शकते. नवे नोझल लावले की यंत्र पुन्हा तरुण होते.

झोत उसळतो, यंत्र धापा टाकते

पाणी, जाळी, हवा व नोझल हे चारही निर्दोष ठरले, आणि तरी झोत ठराविक तालात उसळत असेल, तर संशय झडपांवर जातो. तीन दट्ट्यांपैकी एकाची झडप कचऱ्याने किंवा क्षाराने अडकली, की पाणी दोन तृतीयांश उरते. आणि नोझल तेच असल्यामुळे दाब निम्म्याहूनही खाली येतो. अशा वेळी पंपाचे डोके उघडून झडपा धुवाव्या लागतात. स्क्रू सोडविण्याचा क्रम, स्प्रिंगांची दिशा आणि कड्यांची जागा यांचे मोबाइलवर टप्प्याटप्प्याने छायाचित्र काढून ठेवावे. ज्याने कधी सायकलचा पंपही उघडलेला नाही, त्याने हे काम कारागिराकडेच द्यावे.

आणखी एक लक्षण पुष्कळांस बुचकळ्यात टाकते. चाप सोडून बंदूक खाली ठेवली, तरी यंत्र दर काही सेकंदांनी आपोआप 'घुर्र' करून सुरू होते व बंद पडते. चाप सोडला की नळीत दाब चढतो आणि त्या दाबाने आतील बटण मोटर थांबविते, अशी यंत्राची योजना असते. दाब कोठेतरी झिरपला, की बटणास वाटते मालकाने चाप दाबला. ते मोटर लावते. म्हणजे दोष विजेचा नसून गळतीचा आहे. नळीचे दोन्ही जोड व बंदूक यांभोवती कोरडा कागद धरावा. जेथे तो भिजेल तेथील ओ-रिंग बदलावी. बाहेर सर्व कोरडे असेल तर आतील परतीची झडप झिरपत आहे असे समजावे. नवी कडी त्याच मापाची घ्यावी. जुनी बरोबर नेऊन दुकानात जुळवून पाहावी. तिला थोडे सिलिकोन ग्रीस लावावे. खोबरेल, डिझेल किंवा रॉकेल लावू नये. काही जातीचे रबर त्याने फुगते.

पंपाखालून मधून मधून एखादा थेंब पडणे हा दोष नव्हे. धार लागली किंवा तेलाच्या पंपातील तेल दुधासारखे पांढरे झाले, तर दट्ट्यांची सील गेली आहेत आणि पाणी तेलात मिसळले आहे. तेव्हा यंत्र तसेच चालवू नये.

हक्काची गोष्ट

यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर स्क्रूस हात न लावता पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे. 'सुटे भाग मिळत नाहीत, नवेच घ्या' हे उत्तर खेड्यातील ग्राहकास फार लवकर दिले जाते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक आहे. आणि मुळात खरेदी करतानाच विचारावे: नोझल, नळी व ओ-रिंग या गावात किंवा तालुक्यास मिळतात काय? हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

दोष होऊच नयेत म्हणून

पाण्यावाचून यंत्र क्षणभरही चालवू नये; आतील सील पाण्यानेच थंड राहतात. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी वापरू नये. बहुतेक घरगुती यंत्रांस ४० अंश सेल्सिअसपर्यंतचेच पाणी चालते. साबण वापरल्यावर दोन मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. काम संपल्यावर मोटर बंद करावी, नळ बंद करावा, चाप दाबून पाणी काढावे, आणि नळी मोठ्या वळशांनी गुंडाळावी. यंत्र सावलीत, उंदरांपासून दूर ठेवावे. महिन्यातून एकदा पाणी जोडून दोन मिनिटे चालविले, तर कड्या वाळत नाहीत व दट्ट्ये चिकटत नाहीत.

झोत कोठे वापरावयाचा याचाही विवेक हवा. आपल्याकडील चिरा मऊ व सच्छिद्र असतो; जवळून झोत मारला तर त्याचे कण सुटतात व पायरीला खळगे पडतात. अंगणातील जुना क्रूस व चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती यांना तर हा झोत लावूच नये. तेथे काथ्या व पाणीच योग्य. दुचाकीचे टायर धुताना निदान एक फुटाचे अंतर राखावे. विजेच्या मीटरकडे व मोटरपंपाकडे बंदूक कधीही वळवू नये.

असो. सर्व तपासणीचे सार एवढेच: प्रथम पाणी, मग जाळी, मग हवा, मग नोझल, मग कड्या, आणि सर्वांत शेवटी मोटर. जे स्वस्त व बाहेरचे ते आधी, जे महाग व आतले ते मागून. हा क्रम एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राच्या खोक्यास अडकवावा. यंत्र कधी घेतले, नोझल व कड्या कधी बदलल्या, हेही त्याखाली लिहीत जावे. घरातील वाढत्या वयाच्या मुलामुलींस ही तपासणी आपल्या देखरेखीखाली करू द्यावी. बादली आणि घड्याळ घेऊन त्यांना पहिल्या परीक्षेस बसवावे. जाळी धुणे व कडी बदलणे त्यांस खुशाल शिकवावे. मात्र जेथे विजेची वायर सुरू होते तेथे त्यांनी थांबावे आणि जाणत्या माणसास हाक मारावी, हेही त्याच दिवशी शिकवावे.